नवी मांजर, जुनी खुर्ची

सोमवारी सकाळी ऑफिसला पोचलात आणि तुमच्याच खुर्चीत बसून, तुमच्याच मगमधून कॉफी पिणारा एक अनोळखी चेहरा दिसला तर? वर बॉस म्हणाला, "हा आजपासून इथंच. मैत्री करून टाका!" कसं वाटेल? घरात आधीपासून मांजरं असताना नवी आणून थेट हॉलमध्ये सोडली, की जुन्या मंडळींना अगदी असंच वाटतं.

आमच्याकडे ही वेळ राहात्याच्या घरी आली. शिर्डीच्या अलीकडचं, पेरूच्या बागांचं आमचं गाव. तिथं आईच्या राज्यात दोन मांजरं: नऊ वर्षांची मनी आणि तिचा आडदांड लेक बोक्या. मी पुण्यात. रूममेटची बेंगळुरूला बदली झाली, तिची दीड वर्षाची मोचा माझ्याकडे राहिली आणि माझ्या नव्या पीजीत प्राण्यांना बंदी! उरलं राहाता. आईनं फोनवरच अट घातली, "अगं, महिनाभर बघते. नाही जमलं तर तुझं तू बघ." दुसरं घर मिळालं नसतं तर मोचाच्या वाट्याला कुठलं तरी पार्किंगच आलं असतं. फ्लॅटमध्ये वाढलेली मांजर गाड्या, कुत्री आणि उपासमारीपुढे तिथं किती दिवस काढणार?

आधी थोडं शास्त्र. घरातली मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. तो एकेकट्यानं शिकार करणारा प्राणी. एक उंदीर म्हणजे एकाचंच जेवण, मग वाटेकरी हवाच कशाला? म्हणून इलाका महत्त्वाचा, आणि तो ओळखायचा वासावरून. गालावर ग्रंथी असतात. सोफ्याला गाल घासणं म्हणजे स्वतःच्या नावाची पाटी लावणं. भांडण झाल्यावर समेट करायची ठरलेली रीतही त्यांच्याकडे फारशी नाही. त्यामुळे पहिली भेट बिघडली, की ते प्रकरण लांबतं.

हे मी अप्पांना सांगायला गेले, तर ते हसले. "यात नवीन काय? गाय परक्या वासराला आधी हुंगते, मग लाथ घालते." शेतकऱ्याला वास समजावून सांगावा लागत नाही!

पहिलं काम लसीचं. मोचाची लस आणि ऑपरेशन दोन्ही झालेलं होतं, मनी-बोक्याची पाटी मात्र कोरी. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलांवरूनही घरात येतो, महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लांचा तर अनेकदा घास घेतो. म्हणून दोघांना लस दिली. बोक्याचं ऑपरेशनही उरकलं, कारण त्याशिवाय बोके जागोजागी फवारे मारतात आणि मारामाऱ्या वाढतात.

मग मोचाला मागची खोली दिली. तिची मातीची पेटी, पाणी, ताटली सगळं तिथंच. दार बंद. शनिवार-रविवारी मी सगळं लावून दिलं, पुढची ड्यूटी आईची. एका जुन्या मोज्यानं मोचाचे गाल पुसायचे आणि तो मोजा मनीच्या ताटलीजवळ ठेवायचा. मनीचं फडकं मोचाकडे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. आधी ताटल्या दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ. म्हणजे परक्या वासाबरोबर काहीतरी चांगलं मिळतं, हे डोक्यात बसतं. नंतर खोल्यांची अदलाबदल: मोचा घरभर, जुने दोघे तिच्या खोलीत.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या घराची खरी हिरोइन पुढे आली: जाळीचं दार! डासांसाठी बसवलेलं, पण मांजरांच्या 'बघण्याच्या कार्यक्रमाला' याहून चांगली सोय नाही. मनी फिस्कारली. आई घाबरली. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" एवढंच, ते चालतं. टक लावून बघत राहणं, वाट अडवणं, पेटीपर्यंत जाऊ न देणं, ही धोक्याची चिन्हं. तसं दिसलं तर एक पायरी मागे या. आणि जेवण सोडलं तर थांबू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतावर बेततं. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, उशी किंवा पुठ्ठा सरकवा.

आणि हो, पेट्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. तिघांना चार, त्याही वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

महिना संपला तेव्हा आईचा फोन आला. एकमेकांना बिलगून झोपलेल्या मांजरांचा फोटो काही आला नाही. आई म्हणाली, "सकाळी ओट्याखाली मनी बसते, दुपारी ही. बोक्या माळ्यावर. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही." मांजरांच्या हिशेबात हा फर्स्ट क्लास निकाल! जागा एकच, वेळा वेगळ्या. शिफ्ट ड्यूटीच म्हणा ना. मोचा राहिली.

गावच्या घरात माळा असतो, परस असतो. रुसायला जागा असते. वन बीएचकेमध्ये ती आपल्याला करावी लागते: कपाटाच्या माथ्यावर एक चटई, खिडकीशी एक फळी, बंद होणारं एक दार. तेव्हा मित्रांनो, पिल्लाचे डोळे बघून विरघळण्याआधी घरातली दारं मोजा. एक दार आणि महिनाभराचा धीर, दोन्ही असतील तरच "हो" म्हणा. कारण परत पाठवायला मांजराला हेड ऑफिस नसतं.