बंदोबस्ताला उभारणी म्हणू नका

परवा स्वारगेटला साताऱ्याच्या विनाथांबा गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. हातात पेपर, पेपरात कुठल्याशा युद्धाची बातमी. "हरलेला देश आपला आपण उभा राहत नाही हो," ते म्हणाले, "जिंकणाऱ्यालाच तो शहाणपणानं उभा करावा लागतो. जपान बघा. आणि लांब कशाला, आपलंच बघा. बाजीराव गेला आणि एल्फिन्स्टननं हा मुलूख उभा केला." मी तोंड उघडणार तोच गाडी लागली. त्यांना खिडकी मिळाली, मला पुढची गाडी. द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

त्यांची बाजू पोकळ नाही, हे आधीच कबूल करतो. पेशवाईत सोन्याचा धूर निघत होता असं मानणारी मंडळीही याच शहरात राहतात, आणि त्यांच्याशी माझं भांडण निराळं आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामले लिलावात जावेत तसे मक्त्याने जात. मक्तेदाराला पुढच्या सालाची शाश्वती नसे, म्हणून तो यंदाच रयतेला पिळून घेई. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा पुण्यात शिरल्या, पाठोपाठ दुष्काळ आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आलेला मुलूख आधीच खिळखिळा झालेला होता.

कंपनीचा इथला अंमलदार एल्फिन्स्टन शहाणा होता, हेही खरं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, ती बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. १७ तारखेला शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ११ फेब्रुवारी १८१८ ला, साताऱ्याहून जाहीरनामा निघाला: वतनं, इनामं, देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील, मक्तेदारी बंद होईल, वसूल माफक घेतला जाईल, मात्र बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत घरी परता. या एका कागदाने जेवढे घोडेस्वार घरी गेले, तेवढे तोफांनी गेले नसते. इराकमध्ये २००३ साली अमेरिकेने सबंध फौज एका हुकमाने घरी बसवली आणि वर्षभरात तिच्यातलेच लोक अंगावर घेतले. त्या मानाने एल्फिन्स्टनला माणसं कळत होती.

पण याला उभारणी म्हणता येत नाही. याला बंदोबस्त म्हणतात. गणपतीत स्वारगेटच्या चौकात लागतो तोच शब्द. गर्दी हलू नये, गडबड होऊ नये, दोर बांधलेल्या बाजूनेच माणसं जावीत, एवढंच बंदोबस्ताला हवं असतं. दोराच्या आतल्या माणसाची चूल पेटते का, हे पाहणं त्याचं काम नव्हे.

आधी राजकारण. युरोपियन अंमलदारांना मारण्याचा एक कट उघडकीला आला तेव्हा म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं, त्यांत ब्राह्मणही होते. मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांनी पुढेमागे कोणी जाब विचारू नये म्हणून कायद्याचं संरक्षण मागून घ्यायला सुचवलं. एल्फिन्स्टनने ते मागितलं नाही. चूक असेल तर शिक्षा व्हावी, बरोबर असेल तर संरक्षण कशाला, असा त्याचा बाणा. बाणेदारपणा म्हणून हे छान आहे. पण मुलूख कसा चालवायचा या प्रश्नात तिथल्या माणसाचं मत कुठे होतं? कुठेच नव्हतं. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ती आटवून वर्षाला पन्नास हजारांवर आणली गेली, आणि त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. रागावलेला वर्ग शांत ठेवायचा आणि खर्चही वाचवायचा. हुशारी अव्वल, पण रमण्यातल्या शास्त्र्याला आणि पर्वतीखालच्या माळ्याला कोणी काही विचारलं नाही.

आता पोटापाण्याचं. पेशव्यांचा दरबार हे या शहरातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. शिलेदार, बारगीर, पागा, कारकून, त्यांच्या घरची लग्नं, त्या लग्नांचे शालू, जरी, भांडी, दागिने. ३ जून १८१८ ला बाजीराव कंपनीच्या माल्कमच्या हवाली झाला, वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्ताला गेला, आणि हे गिऱ्हाईक उठलं. छावणीत नवा पैसा आला, पण तो कॅम्पातच फिरला. पाव, मांस, दारू आणि बूट विकणाऱ्यांना त्याने हात दिला, पेठेतल्या विणकराला नाही. फौजेतून सुटलेला माणूस नांगराला लागला, धान्य वाढलं, भाव कोसळले. सारा मात्र रोखीत, आणि भाव चढे असतानाच्या आकड्यांचा.

मग आले प्रिंगलसाहेब. हे रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकून आलेले. शेतीच्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असं त्यांनी बसवलं. कागदावर हिशेब निर्दोष. पण जमिनीची प्रत लावायला, उत्पन्न अजमावायला खाली जे कारकून फिरले त्यांच्या हातावर काही ठेवलं की बरड जमीन काळी आणि काळी जमीन बरड होई. इंदापुरातली गावं ओस पडू लागली, कुणबी शेजारच्या मुलखात निघून गेले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने मोजणी केली, दर उतरवले, तीस वर्षांसाठी बांधून दिले. हे काम खरोखर चांगलं होतं. पण जिंकून सतरा वर्षं झाल्यावर! आणि तीस वर्षं संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस तेजीत होता, म्हणून सारा पुन्हा चढवला. कापूस उतरला, सारा उतरला नाही; तो भरायला सावकाराचं दार. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं जाळली, ती या साखळीची शेवटची कडी. इनामांचंही तेच. जाहीरनाम्यात ती चालवण्याचं वचन होतं, तिथे १८५२ च्या इनाम कमिशनने दप्तरं उघडून सनदा मागितल्या.

स्वारगेटवरून घोरपडे पेठेकडे चालत गेलं की खडकमाळ आळीत जुनी मामलेदार कचेरी लागते. ३ फेब्रुवारी १८३२ ला तिथे बंड केलेल्या रामोशी उमाजी नाईकांना फाशी दिलं. किल्ल्यांची राखण हा रामोशांचा पिढीजात हक्क. बाजीरावाच्याच काळात तो आटायला लागला होता, कंपनीने पुरता बुडवला. ज्या कचेरीत सारा भरायचा तिथेच फाशी. माझ्या मते या राज्यव्यवस्थेचा इतका थोडक्यात नकाशा दुसरीकडे सापडणार नाही.

गृहस्थ म्हणतील, मग जपान? जपानवर परकी ताबा १९४५ ते १९५२. कुळांकडची जमीन शेकडा ४६ होती, ती दहाच्या आसपास आली. पण ते काम जपानी सरकारने केलं, गावोगावच्या समित्यांनी केलं, त्यांत कुळांचे प्रतिनिधी निवडून आलेले होते. कायद्याचा आराखडा करणारे जपानी शेतकी खात्यातले लोक युद्धाआधीपासून त्याच्यामागे लागले होते. वरून अमेरिकेचं वजन पडलं, एवढंच. धान्य आणि कच्चा माल बाहेरून आत आला. आणि जिंकणारा कधीतरी जाणार, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इथे काय होतं? एल्फिन्स्टनच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग होता आणि तो त्यांना 'आमचा युरोपात परतण्याचा रस्ता' म्हणाला, असं त्याच्या हाताखालच्या ब्रिग्जने लिहून ठेवलंय. गोष्ट सुंदर आहे. फक्त त्या रस्त्यावर तारखेचा दगड कोणी रोवला नाही.

आणि इथल्या माणसाच्या हाती कारभार दिला असता तर काय झालं असतं, हे विचारायला कल्पनाशक्ती लागत नाही. गृहस्थ ज्या गाडीत बसले तिनेच जायचं. शिरवळला नीरा ओलांडली की पलीकडे १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांचं राज्य. पहिली काही वर्षं कंपनीच्या ग्रँट डफच्या हाती कारभार होता, १८२२ मध्ये महाराजांनी तो घेतला. ते स्वतः रोज कामाला बसत, दैनंदिनी ठेवत. रस्ते बांधले, शाळा काढली. महाबळेश्वरला साहेबमंडळी हवा खायला जायची तो रस्ताही त्यांचाच. हरलेल्या मुलखाचाच हा तुकडा, हीच माणसं, हाच पाऊस. कंपनीने काय केलं? राजनिष्ठेचा संशय घेऊन १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं, काशीला धाडलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. १८४८ मध्ये राज्यच खालसा. जिथे उभारणी चालली होती तिथेही बंदोबस्त पोचला.

मग हा मुलूख उभा राहिला तो कसा? याचं उत्तर पुन्हा पर्वतीवरच आहे, आणि ते मला फार आवडतं. देवस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता, त्याबद्दल तक्रारी होत्या. हिशेब विचारायला लोक जमले. विचारणाऱ्याला अधिकार काय, हा प्रश्न आलाच; तेव्हा ठरलं की सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. एप्रिल १८७० मध्ये यातून सार्वजनिक सभा झाली. गणेश वासुदेव जोशी तिच्यात राबले, पुढे न्यायमूर्ती रानडे आले, आणि देवळाचा हिशेब विचारणारी तीच सभा दोन-तीन वर्षांत दख्खनच्या कुणब्याची हलाखी तपासून सरकारला साऱ्याचा हिशेब विचारू लागली. पन्नास सह्या गोळा करायला कोणी साहेब आला नव्हता. बाजीरावाने जिथून पराभव पाहिला त्या टेकडीखालच्या पेठांतून, दारोदार फिरून त्या आणल्या होत्या.