थंडीची भिंत

1826 साली ‘वेलिंग्टन’ नावाचे एक जहाज हवाई बेटांतील माउई बेटाच्या लहायना बंदरात लागले. गोडे पाणी भरून घेण्यापूर्वी खलाशांनी पिंपांच्या तळाशी उरलेले जुने पाणी ओढ्यात ओतले, असे सांगितले जाते. त्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या. तोवर त्या बेटांना डास ठाऊकच नव्हता. हा माल कोणत्याही बीजकात नोंदलेला नव्हता. त्याची किंमत मात्र बेटे आजही मोजत आहेत.

तो डास म्हणजे क्युलेक्स, आपल्याकडे हत्तीरोग पसरविणारा तोच. पुढे पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवीही तेथे पोहोचला. हा रोग डासाच्या दंशातून पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 साली कलकत्त्यात पक्ष्यांवरच प्रयोग करून सिद्ध केले होते. इतर देशांतील पुष्कळ पक्ष्यांना तो रोग सोसवतो. हवाईच्या हनीक्रीपर कुळातील पक्ष्यांची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. ईईवी हा त्यांतला लालभडक, बाकदार चोचीचा पक्षी. त्याच्या पिसांनी तेथील राजांची वस्त्रे सजत. प्रयोगात रोगी डासाच्या एकाच दंशाने दहांपैकी सुमारे नऊ ईईवी दगावले. पन्नासांहून अधिक जातींच्या या कुळात आज केवळ सतरा उरल्या आहेत.

त्या उरल्या त्या थंडीमुळे. तापमान 13 अंशांखाली गेले की डासाच्या पोटातील परजीवीची वाढ जवळजवळ थांबते, आणि तो परिपक्व होण्यापूर्वीच डासाचे आयुष्य संपते. म्हणून सुमारे 1500 मीटरवरील अरण्ये निर्धास्त होती. हवा तापू लागली तशी ही अदृश्य भिंत वर सरकली. पक्षी वर जातील तरी कोठवर? काउआई बेटाचा सर्वोच्च माथाच जेमतेम 1600 मीटरचा. तेथील अकिकिकी 2023 मध्ये रानात पाचच्या आसपास उरले होते. माउईवरील किविकिऊ पक्षी 2019 मध्ये नव्याने जोपासलेल्या अरण्यात हलविण्यात आले. काही आठवड्यांतच बहुतेकांचा हिवतापाने बळी गेला.

2023 च्या अखेरीस माउईवर एक निराळा उपाय सुरू झाला. वोल्बॅकिया या जिवाणूचा विशिष्ट प्रकार असलेले नर डास हेलिकॉप्टरमधून रानात सोडले जातात. नर चावत नाहीत, ते फुलांच्या मधावर जगतात. त्यांच्याशी संयोग झालेल्या रानटी मादीची अंडी उबतच नाहीत. रानावर विष फवारले असते तर इतर कीटकही मेले असते, ते यात टळते. परंतु हे काम सातत्याचे आहे. नर अल्पायुषी असल्याने पुन्हा पुन्हा सोडावे लागतात, आणि रान दुर्गम, ढगांत बुडालेले.

दरम्यान, काउआईच्या झाडांवरून उचलून आणलेल्या अंड्यांतून वाढलेले अकिकिकी पक्षिगृहांत जपले जात आहेत. रानातील डास कमी झाल्याखेरीज त्यांना सोडता येणार नाही.