जोड्या लावा

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात पिरंगुटहून एक जाडजूड पाकीट आलं. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली, आणि अक्षर पाच जणींचं! पुण्याहून निघालात, भूगाव-भुकूम मागे टाकून घाट उतरलात की लागतं ते पिरंगुट. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. तिथल्या या पाच मैत्रिणी. सगळ्या नववीतल्या. पाच जणींत मिळून फोन दोन, तेही आयांचे. संध्याकाळी ज्यांना फोन मिळेल त्यांनी मालिकेचा भाग पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उरलेल्यांना सांगायचा, अशी त्यांची पद्धत. मग डबे उघडे राहतात आणि वाद पेटतात.

मालिका कुठल्या? तर थायलंडच्या, जपानच्या, चीनच्या. त्यांना 'बीएल' म्हणतात, म्हणजे 'बॉईज लव्ह'. दोन मुलगे, आधी भांडतात, मग मैत्री होते, मग हळूहळू एकमेकांवर प्रेम बसतं, अशा कथा. पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्यावर त्यांनी साडेतीन पानं लिहिली आहेत. दुसरा मात्र शेवटी, ता. क. म्हणून, बारीक अक्षरात कोपऱ्यात कोंबलाय. मला विचाराल तर पत्र त्या ताजा कलमासाठीच लिहिलंय. तो असा:

"ताई, आमच्या वर्गात दोन मुलं आहेत. पहिलीपासूनचे मित्र. एकाच सायकलवरून यायचे. आम्ही मालिकेतल्यासारखं दोघांची नावं जोडून एक नाव केलं. चांगल्या मनानंच हं! पण ते वर्गभर झालं, कुणीतरी फळ्यावर लिहिलं. आता त्यातला एक बसनं येतो आणि दुसऱ्याशी बोलत नाही. एकीचे पप्पा म्हणाले, असलं परदेशी बघता म्हणून हे असं होतं. आमचं काय चुकलं?"

आता आई-बाबा, तुमच्यासाठी थोडी ओळख. या प्रकारच्या गोष्टींचं मूळ जपानमध्ये आहे, आणि तेही मुलींच्या एका साप्ताहिकात! मोतो हागिओ या चित्रकथाकार बाईंची 'तोमा नो शिन्झो' ही चित्रकथा १९७४ साली क्रमशः छापून आली. जर्मनीतली मुलांची निवासी शाळा आणि तिथल्या मुलग्यांचं एकमेकांवरचं प्रेम, त्यातला अबोला, त्यातलं दुःख. लिहिणारी बाई, वाचणाऱ्या शाळकरी मुली. पुढे अशा कथांची लाटच आली. थायलंडमध्ये २०१४ च्या 'लव्ह सिक' पासून त्यांच्या मालिका होऊ लागल्या, आणि २०२० साली, सगळं जग घरात बसलेलं असताना, 'टुगेदर' ही थाई मालिका यूट्यूबवरून देशोदेशी पोचली. खाली इंग्रजी ओळी असतात, त्या वाचत पाहायचं. (पिरंगुटकरणींचं इंग्रजी त्यामुळे सुधारलंय म्हणे. बाईंना विचारायला हवं!) यातल्या काही मालिका मोठ्यांसाठी केलेल्या असतात, त्यामुळे वयाची खूण बघूनच लावायच्या, हे दोन्ही पिढ्यांना सांगून ठेवते.

बरं, मुली त्यात बघतात तरी काय? पत्र वाचून मी थक्क झाले. 'चेरी मॅजिक' नावाच्या बारा भागांच्या जपानी मालिकेत अदाची नावाचा एक बुजरा कारकून आहे. तिसाव्या वाढदिवसाला त्याला एक विचित्र शक्ती मिळते. ज्याला स्पर्श होईल त्याच्या मनातलं ऐकू येतं. गर्दीच्या लिफ्टमध्ये त्याचा धक्का लागतो कुरोसावाला. ऑफिसातला सगळ्यात हुशार, देखणा माणूस. आणि अदाचीला कळतं की याच्या मनात आपल्याबद्दल प्रेम आहे! आता या पाच जणींचा वाद कशावर? दिसायला कोण छान यावर नाही. समोरच्याला न विचारता त्याच्या मनातलं ऐकणं म्हणजे दुसऱ्याची डायरी वाचण्यासारखं की नाही, यावर! दोघी म्हणतात, तो काय करणार, ऐकू येतंच. तिघी म्हणतात, मग हात लावायचा नाही, नाहीतर सांगून टाकायचं. शेवटी अदाची सांगतोच, पण फार उशिरा. असा प्रश्न मला नववीत कुणी घातला असता तर मी गप्पच बसले असते.

तेव्हा त्या पप्पांना मी नम्रपणे सांगेन, की मालिका बघण्यानं पोरींची डोकी बिघडलेली नाहीत. गडबड दुसरीकडे झाली आहे.

मालिकेतली अमुक दोन पात्रं एकत्र यावीत असं वाटणं, त्यासाठी भांडणं, दोघांची नावं जोडून एक नाव करणं, याला जगभरची मुलं 'शिप करणं' म्हणतात. जहाजाशी त्याचा संबंध नाही बरं का! 'रिलेशनशिप' या शब्दाचं शेपूट तोडून तो केलाय. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'एक्स-फाइल्स' नावाची मालिका लागायची, तिच्या प्रेक्षकांनी तो रुळवला. आपल्या प्रश्नपत्रिकेत 'जोड्या लावा' असतं ना, तसंच. फरक इतकाच, की परीक्षेत 'अ' गटातला शब्द 'ब' गटातल्या शब्दाला जोडला तर दोघांपैकी कुणाला काही वाटत नाही.

पात्रांचंही तसंच. त्यांच्या जोड्या खुशाल लावा. उदाहरणार्थ, चीनची 'द अनटेम्ड' ही २०१९ सालची पन्नास भागांची मालिका, तुमच्या पत्रात दोनदा आलेली. वेई वूशियान हा खोडकर, बासरी वाजवणारा. लान वांगजी हा अबोल, शिस्तीचा, मांडीवर सात तारांचं चिनी वाद्य घेऊन बसणारा. वूशियान मरतो आणि सोळा वर्षांनी वेगळ्या नावानं, मुखवटा घालून परत येतो. कुणी ओळखत नाही. पण संकटात त्याच्या बासरीतून एक धून निघते. ती धून वांगजीनं कधीकाळी एका गुहेत फक्त त्यालाच ऐकवलेली असते. वांगजी येतो आणि त्याचं मनगट धरतो. बस्स. एक शब्द नाही!

पत्रात विचारलंय, ही मैत्री की प्रेम? मालिका मो श्यांग थोंग श्यू या लेखिकेच्या कादंबरीवर आहे आणि कादंबरीत ते उघड प्रेम आहे. पण चीनमध्ये दोन पुरुषांचं प्रेम मालिकेत दाखवायला बंदी, म्हणून पडद्यावर ते बोलून दाखवलेलं नाही. तिथे ते एकमेकांचे 'झिजी' आहेत, म्हणजे मला पुरता ओळखणारा. चिनी भाषेत या नात्याची जुनी गोष्ट आहे. बोया नावाचा वादक होता आणि त्याचं वादन खरं कळणारा एकच माणूस होता, त्झीछी नावाचा लाकूडतोड्या. तो लाकूडतोड्या गेला तेव्हा बोयानं आपलं वाद्य फोडून टाकलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी बंदीच्या आत राहून या जुन्या नात्याचा आधार घेतला. तेव्हा मैत्री म्हणणारीही मालिकेपुरती बरोबर, आणि प्रेम म्हणणारीनं कादंबरीचं बोट धरलेलं आहे. मला स्वतःला विचाराल, तर ते मनगट धरणं मला प्रेमच वाटलं.

इथवर सगळं ठीक. पण याच मालिकेच्या प्रेक्षकांचं पुढे काय झालं ते ऐका. वूशियानचं काम शियाओ झाननं केलं होतं, वांगजीचं वांग यीबोनं. लोकांनी पात्रं सोडून या दोन जिवंत माणसांचीच जोडी लावली. तट पडले. काही फक्त एकाचे, काही फक्त दुसऱ्याचे, काही जोडीचे. २०२० च्या फेब्रुवारीत कुणीतरी या दोन नटांवर रचलेली एक कथा इंटरनेटवरच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या मोठ्या कथासंग्रहात टाकली. शियाओ झानचे चाहते खवळले. आमच्या हिरोची बदनामी, म्हणत त्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या. २९ फेब्रुवारीला, लीप वर्षाच्या त्या जादा दिवशी, तो सगळा संग्रहच चीनमध्ये बंद झाला. हजारो लोक तिथे लिहीत-वाचत होते, त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. मग ते चिडले! शियाओ झान ज्या वस्तूंच्या जाहिराती करायचा त्या वस्तूंवर त्यांनी बहिष्कार घातला. त्याच्या कार्यालयानं माफी मागितली, तरी महिनोन्‌महिने त्याला त्याचा फटका बसला. यात त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? ती कथा त्यानं लिहिली नव्हती आणि तक्रारही केली नव्हती. भांडत होते प्रेक्षक, भरलं त्यानं.

चीन लांब वाटत असेल, तर आपल्या निळू फुल्यांचं घ्या. पडद्यावर इतका पक्का खलनायक, की 'सामना'तला हिंदुराव बघून अजून राग येतो. गावोगावच्या बायका त्यांना समोर बघून बोटं मोडायच्या, शिव्याशाप द्यायच्या, असे किस्से आहेत. आजीला विचारा. आणि माणूस कसा? राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा. निळूभाऊ मोठे होते, त्या शिव्यांना ते कामाची पावती समजायचे. तुमच्या वर्गातला मुलगा चौदा वर्षांचा आहे.

त्याला रोज त्याच वर्गात यायचंय. वेई वूशियानला कुठे शाळेत जायचंय? तुम्ही त्याला कुणाशीही जोडा, संध्याकाळी तो घरी जाऊन उशीत तोंड खुपसणार नाही. हा मुलगा मात्र काल-परवापर्यंत दोस्ताच्या सायकलवर डबलसीट बसताना काही विचार करत नव्हता, आता करतो. आणि एक सांगू? समजा ते नुसते मित्र आहेत, तरी त्यांची मैत्री तुम्ही अवघडून टाकली. समजा त्यातल्या एकाच्या मनात काही वेगळं असेल, त्याला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नसेल, तर तुम्ही ते त्याच्याआधी फळ्यावर नेलं. अदाचीनं कुरोसावाच्या मनातलं चोरून ऐकलं म्हणून तुमच्यातल्या तिघी चिडल्या होत्या ना? अदाचीला निदान ऐकू तरी आलं होतं. तुम्हाला तर काहीच ऐकू आलेलं नव्हतं! चांगल्या मनानं केलंत, हे मी मानते. पण ज्यांनी फळ्यावर लिहिलं त्यांच्या हातात खडू तुम्हीच दिलात.

करायचं काय? मोठी सभा नको, वर्गासमोर माफी तर नकोच नको, नाहीतर पुन्हा तोच तमाशा. दोघांना वेगवेगळं गाठून, एकीनं जाऊन, एका वाक्यात सांगायचं: ते आम्ही सुरू केलं, आमचं चुकलं, पुन्हा होणार नाही. आणि परत कुणी ते नाव घेतलं तर हसायचं नाही. एवढंच. सायकलचं ते दोघं बघतील. कदाचित जमेल, कदाचित नाही जमणार.

त्या पप्पांशी आणखी दोन शब्द. हे "परदेशी" नाही हो. ज्या विजय तेंडुलकरांनी 'सामना' लिहिला, त्यांनीच 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिलं. १९८१ साली ते मराठी रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी 'मित्रा' झाल्या होत्या. मित्रा म्हणजे सुमित्रा, एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी. ती गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ ची कादंबरी तर पुण्यातल्याच एका घरातली. भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पाहुण्यावर प्रेम करतात. ही दोन्ही मोठ्यांनी वाचायची पुस्तकं आहेत, तुम्हीच वाचा. ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं असं प्रेम हा गुन्हा नाही. त्यामुळे मुलीनं बघितलेल्या मालिकेबद्दल घरात बोलायला हरकत नसावी. एखादा भाग शेजारी बसून बघा की! नाही आवडला तर तसं सांगा, पण बघून सांगा.

आता राहिली ती साडेतीन पानं. प्रश्न आहे 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' या २०२० च्या थाई मालिकेचा. फुकेत बेटावरचे तेह आणि ओ-एउ. (ओ-एउ हा तिथला बर्फ घातलेला थंडगार गोड पदार्थही आहे, म्हणजे आपल्याकडे एखाद्याचं नाव फालुदा असावं तसं!) दोघंही कॉलेज प्रवेशासाठी जिवापाड अभ्यास करतात, चिनी भाषेचे क्लास लावतात. तेहला जागा मिळते, ओ-एउला मिळत नाही. तेहची आई शेवयांचं दुकान चालवून मुलांना शिकवते. आणि हा पठ्ठ्या आपली मिळालेली जागा सोडून देतो, ओ-एउला मिळावी म्हणून. पिरंगुटला यावर तीन विरुद्ध दोन अशी मतं पडली आहेत. तिघींच्या मते हे खरं प्रेम, दोघींच्या मते आईचा विश्वासघात.

मी दोघींच्या बाजूची. जागा त्याची होती, पण त्या जागेमागे आईची कितीतरी वर्षं होती, आणि तिला त्यानं विचारलंही नाही. शिवाय तुम्ही २०२१ चा दुसरा भाग अजून पाहिलेला दिसत नाही, म्हणून जरा भीत-भीतच सांगते. तेहनं एवढी सोडलेली ती अभिनयाची जागा पुढे ओ-एउला मानवतच नाही, तो विषय बदलून जाहिरातीकडे वळतो. तिघींनो, आता बोला! उत्तर पाठवा, आणि या खेपेला अक्षर जरा मोठं काढा.