आठ दिवस आणि आठ वर्षे: सोलापूरच्या साक्षीने भविष्य निर्वाह निधीचा इतिहास

अर्थसंकल्प जवळ आला की एक कथा हमखास फिरू लागते. श्रमिकाला बचतीची सवय लागावी म्हणून सरकारने भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पी.एफ., निर्माण केला आणि वर त्यावर करसवलतही दिली, अशी ती कथा. ती सांगणाऱ्यांत इतिहासाची आवड असलेले मित्रही असतात, म्हणून हा धागा. या कथेचे दोन्ही भाग चुकीचे आहेत असे माझे म्हणणे आहे. साक्षीदार म्हणून मी सोलापूरला बोलावतो. गिरणी, माग आणि बिडी या तिन्ही धंद्यांत या शहराने निधीचा प्रश्न अनुभवला आहे.

आधी कालक्रम पाहू. खासगी आस्थापनांतील निधीला प्राप्तिकरात सवलत मिळाली ती १९२९ च्या कायद्याने. मालकाने चालवलेल्या निधीला प्राप्तिकर आयुक्ताने मान्यता द्यायची आणि मग ठराविक मर्यादेपर्यंत मालकाची वर्गणी व तिच्यावरचे व्याज नोकराच्या करपात्र उत्पन्नात धरायचे नाही, अशी ती व्यवस्था. 'मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधी' हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. त्या वेळी वर्षाला २,००० रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्याला प्राप्तिकर नव्हताच, आणि गिरणी कामगाराचे वेतन त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नव्हते. ही सवलत मिळाली ती साहेबांना, व्यवस्थापकांना, कचेरीतील वरिष्ठ नोकरवर्गाला. निधी असलाच पाहिजे हा श्रमिकाचा हक्क कायद्यात आला १९५२ मध्ये. म्हणजे सवलत आधी आणि हक्क तेवीस वर्षांनंतर. श्रमिकासाठी निधी काढून त्यावर सवलत दिली असे म्हणणाऱ्यांनी या तेवीस वर्षांचा हिशेब द्यावा.

आता सोलापूर. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी म्हणजे शहराची जुनी मिल. २७ जुलै १९४९ रोजी कामगारांना नोटीस मिळाली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद झाली. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून केंद्र सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला. पुढे काय झाले हे कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी सांगेल. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने मूलभूत हक्कांचा दावा केला आणि ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मग द्वारकादास श्रीनिवास यांचा खटला आला. त्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने भरपाईवाचूनचा हा ताबा घटनाबाह्य ठरवला. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. चौधरींचा साधा भाग किती होता? एक. त्या एका भागामुळे सोलापूरचे नाव घटनेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेले.

आणि दारावरची नोटीस वाचून घरी परतलेला कामगार? वटहुकुमाच्या प्रस्तावनेत तो भेटतो, पण नावाने नाही. गैरव्यवस्थापनामुळे अत्यावश्यक वस्तूचे उत्पादन घटले आणि समाजाच्या एका विभागात गंभीर बेकारी निर्माण झाली, एवढीच त्याची नोंद. भागधारकाची मालमत्ता मूलभूत हक्क होती. वीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावे काही रक्कम साठलेली असलीच पाहिजे, असे सांगणारा एकही सर्वसाधारण कायदा ऑगस्ट १९४९ मध्ये नव्हता. उपदानाचा कायदा तर १९७२ चा.

भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम १५ नोव्हेंबर १९५१ रोजी निघाला, कायदा १९५२ मध्ये झाला. पहिल्या सहा उद्योगांत कापड होते. सोलापूरची गिरणी बंद पडली म्हणून हा कायदा आला, असे मी म्हणत नाही. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून त्यांना कार्यकारणाच्या दोरीने बांधण्याची खोड इतिहासप्रेमींनी सोडावी. पण कायद्याची रचना पाहा. कामगाराच्या वेतनातून सव्वासहा टक्के आणि तेवढेच मालकाकडून. मालकाचा वाटा हा कामगाराच्या श्रमाचा मोबदलाच, फक्त हातात उशिरा येणारा. यात दान कुठे आहे?

शिवाय दार अरुंद होते. प्रारंभी किमान ५० कामगारांचीच आस्थापना कायद्याच्या कक्षेत येई. १९६० मध्ये ही अट २० वर आली. गिरणीला ती सहज लागू झाली. पण चादर आणि टॉवेल विणणारे सोलापूर गिरण्यांबाहेर, लहान लहान मागांच्या कारखान्यांत पसरलेले होते. अशा विखुरलेल्या धंद्यात 'वीस' या आकड्यालाच किल्ल्याच्या तटबंदीचे मोल येते. एकच आस्थापना कागदावर तुकड्यांत दाखवण्याची युक्ती देशभर इतकी परिचित झाली, की विभाग आणि शाखा मिळून आस्थापना एकच मानावी, असे कायद्यात स्वतंत्र कलम घालावे लागले.

बिडीची गोष्ट याहून बोलकी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूभाषक घरांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळत आल्या. पान आणि तंबाखू कारखानदाराची. काम घरात, मांडीवरच्या सुपात. मजुरी हजार बिड्यांमागे. १९७७ मध्ये निधीचा कायदा बिडी उद्योगाला लागू झाला. कारखानदारांचा युक्तिवाद सोपा होता. बाई घरी बसून, तिच्या सवडीने काम करते, तिच्यावर आमची देखरेख नाही, म्हणून ती आमची कामगार नाही. देशातल्या बिडी कारखानदारांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला आणि त्यात न्यायालयाने नेमके मर्मावर बोट ठेवले: तयार बिड्या तपासून नापास करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचेच कामावर नियंत्रण. ज्या छाटणीने बाईची मजुरी कापली जाई, तीच छाटणी मालकाविरुद्धचा पुरावा ठरली! भारतीय श्रमकायद्याच्या इतिहासात इतका न्याय्य उलटा डाव क्वचितच पडला असेल. पण १९७७ ते १९८५ ही आठ वर्षे वादात गेली. १९९७ मध्ये बहुतेक उद्योगांत वर्गणीचा दर १२ टक्के झाला, तेव्हाही बिडीला १० टक्क्यांवरच ठेवण्यात आले.

या आठ वर्षांशेजारी दुसरे आठ ठेवून पाहा. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी एक प्रस्ताव मांडला: यापुढच्या वर्गणीतून साठलेल्या निधीपैकी ६० टक्के रकमेवर, ती वार्षिकीत न गुंतवता काढल्यास, कर. देशभर गदारोळ झाला. कामगार संघटनाही विरोधात उतरल्या, आणि विरोध योग्यच होता. ८ मार्चला प्रस्ताव मागे घेतला गेला. आठ दिवस! नोकरदाराच्या निधीवर कर येतो म्हटल्यावर व्यवस्था आठ दिवसांत हलते. बिडी वळणारीला निधी आहे की नाही, हे ठरायला आठ वर्षे लागतात.

यावर ठरलेले उत्तर येते: बिडी कामगार प्राप्तिकर भरतच नाही, मग तिला सवलत कसली? बरोबर. म्हणून तर सवलतीला श्रमिकांवरची कृपा म्हणू नये. १९६१ च्या कायद्यातील जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराने कलम ८०सी खाली दीड लाख दाखवले की उपकरासह ४६,८०० रुपये वाचत. सरकारने या एका माणसासाठी वर्षाला एवढे सोडले. याच निधीच्या जोडीने चालणाऱ्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन ठरले महिना १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००. ज्याच्यापाशी अधिक त्याला अधिक, असा हा उफराटा न्याय आहे. २०२१ मध्ये वर्षाला अडीच लाखांवरील स्वतःच्या वर्गणीच्या व्याजावर कर बसवला गेला, तेव्हा 'मध्यमवर्गावर अन्याय' अशी हाकाटी झाली. वर्षाला अडीच लाख निधीत टाकणारा मध्यमवर्ग कोणता, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. ती दुरुस्ती योग्य होती, फक्त फार उशिरा झाली.

करकायदा गरीब कामगाराला भेटतो, तो बहुधा कापणीपुरताच. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी ५०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम काढली तर उगमस्थानी १० टक्के कर कापला जाई. पॅन नसेल तर दर चढा, २०२३ पर्यंत ३४ टक्क्यांहून अधिक, मग २०. ज्याच्यावर कर देणे लागतच नाही त्याने विवरणपत्र भरून तो परत मागायचा. आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांची अट लागत नाही, अशी सूट कायद्याने ठेवली होती. बंद गिरण्यांच्या शहराने हे कलम पाठ करायला हवे होते.

आणि मालकाने वेतनातून कापलेली वर्गणी भरलीच नाही तर? १९८८ पासून प्राप्तिकर कायदा अशी कापलेली रक्कम मालकाचे उत्पन्न मानू लागला. ती मुदतीत निधीत जमा केली तरच वजावट. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा पैसा मालकाचा नव्हेच, तो कामगाराच्या वतीने त्याच्याकडे ठेवलेला असतो, आणि मुदत चुकली की वजावट गेली. निकाल उत्तम आहे. पण त्यातून वसूल होणारा कर सरकारी तिजोरीत जातो. कामगाराच्या खात्यातली थकबाकी भरून काढणे हे निधी संघटनेचे वेगळे काम, वेगळ्या नोटिशीने आणि वेगळ्या गतीने चालणारे.

ज्यांच्या घरात आजी किंवा पणजी बिड्या वळत असे, अशा सोलापूरकर मित्रांना एक विनंती. तिची मजुरीची वही, ओळखपत्र, निधीची जुनी चिठ्ठी ट्रंकेत असेल तर जपून ठेवा आणि १९७७ ते १९८५ या काळात तिच्या नावे वर्गणीची नोंद आहे का, ते पाहा. नोंद असो वा नसो, नावे झाकून छायाचित्र या धाग्याखाली जोडा.