सांध्यावरचा बट्टा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित साथ थांबवली, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षाव्यवस्था लागते म्हणून असंख्य धडधाकट संगणक एका तारखेत म्हातारे ठरले. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजसारख्या बाजारपेठेच्या गावांत तर हा प्रश्न आणखी दोन पिढ्या मागचा आहे. तेथे छापखान्यात, पतसंस्थेत, वजनकाट्यावर विंडोज 7 आणि क्वचित एक्सपीही अजून राबते आहे, कारण त्यावरचे हिशेबाचे किंवा अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. मदरबोर्ड जळला की दुकानदार दोन-तीन हजारांत नवा देतो. खोका नवा असतो, पण बोर्डावरचा एच61 चिपसेट इंटेलने 2011 मध्ये आणलेला असतो. स्वस्त वस्तू आणि जुनी व्यवस्था यांची ही सोयरीक आपल्या मुलखाला नवी नाही, आणि ती जुळवून घेण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, याचेही उत्तर इतिहासाने अनेकदा दिले आहे.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी अशा नाना छापांचे रुपये एकाच बाजारात फिरत. सरकारी भरण्यासाठी एक नाणे मान्य, रयतेच्या गाठीला मात्र दुसरेच. मधला फरक बट्टा म्हणून कापला जाई. नाण्यांचे छाप ठरवणाऱ्याला हा बट्टा कधी द्यावा लागला नाही आणि सराफाची तर त्यावर चूल पेटे. तो पडे तो कुणब्यावर, कारण दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उभे राहण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. कंपनी सरकारने 1835 मध्ये एकच रुपया केला, आणि नाण्यांपुरता हा प्रश्न हळूहळू मिटला.

सोलापूर जिल्ह्याने हाच धडा लोखंडात गिरवला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची गाडी नेली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. ‘बार्शी लाइट’ स्वस्त होती, पण ती हलक्या मालाची स्वस्ताई नव्हती. इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा एकच दंडक कॅल्थ्रॉपने आखणीपासून पाळला. त्यामुळे हलके रूळ पुरले, आणि त्या हलक्या रुळांवरूनही वाघिणी भरपूर माल वाहू शकल्या. काटकसर कोठे केली आणि तिची मर्यादा काय, हे त्या गाडीच्या प्रत्येक भागावरून सांगता येत होते, म्हणूनच ती शतकभर चालली. तिची अडचण होती कुर्डुवाडीला. साडेपाच फुटी रुंद रुळांवरून आलेले प्रत्येक पोते तेथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. रूळमापांतला फरक कागदावर तीन फुटांचा, पण व्यवहारात तो हमालाच्या पाठीवर, व्यापाऱ्याच्या तुटीफुटीत आणि शेतकऱ्याच्या दरात उतरे. सरकारने 1954 मध्ये ही रेल्वे विकत घेतली, तरी रुंदीकरणाला या शतकाची पहिली दहा-बारा वर्षे लागली.

सांधा नीट कसा बांधावा, याचा नमुनाही आपल्याकडे आहे. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा आणे-पैची नाणी दुसऱ्या दिवशी रद्दी झाली नाहीत. कायदा दोन वर्षे आधी झाला होता. जुनी आणि नवी नाणी बरोबरीने चालली, दुकानादुकानांत रूपांतराची कोष्टके लागली, आणि ‘नवे’ हे विशेषण 1964 पर्यंत पैशाला चिकटून राहिले. बदल अपरिहार्य असेल तर त्याला मुदत हवी आणि दोन्ही बाजूंची भाषा समजणारा दुभाषा हवा, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना उमगले होते. मला तो प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकातील फारसा न गायिलेला पराक्रम वाटतो.

संगणक आला तेव्हा हे शहाणपण त्याच्याबरोबर आले नाही. मराठी अक्षरे डॉसच्या पडद्यावर उमटली ती पुण्याच्या सी-डॅकशी निगडित असलेल्या जिस्ट कार्डामुळे. हे कार्ड मदरबोर्डाच्या आयएसए खाचेत बसवायचे, म्हणजे आपली लिपीच त्या खाचेत बसलेली होती. शतक पालटताना चिपसेट बनवणाऱ्यांनी आयएसएची साथ सोडली, नव्या बोर्डांवरून ती खाच नाहीशी झाली, आणि ज्या कचेरीचा बोर्ड जळला तिचे कार्ड शाबूत असूनही निराधार झाले. देवनागरीची सोय असलेले विंडोज 2000 तोवर आले होते, पण जुन्या फायली आपोआप त्यात उतरल्या नाहीत. अक्षरजुळणीच्या काही सॉफ्टवेअरांचे कुलूप प्रिंटरच्या समांतर पोर्टाला लागे. पुढे ते पोर्टही बोर्डांवरून गेले.

त्याच सुमारास स्वस्ताईचे दुसरे रूप दिसले. 1999 ते 2007 या काळातल्या कितीतरी बोर्डांवर सदोष द्रावणाचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसले होते. दोन-तीन वर्षांत त्यांची चपटी डोकी फुगत, तपकिरी चिकट द्रव बाहेर येई आणि संगणक कारणाविना बंद पडू लागे. हे केवळ गल्लीबोळातल्या मालाचे दुखणे नव्हते. डेलसारख्या कंपनीला 2005 मध्ये त्यापायी 30 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. फरक इतकाच, की तेथे निदान तरतूद झाली आणि तालुक्याच्या गावातल्या गिऱ्हाइकाला ‘व्होल्टेज वरखाली झाले असेल’ हे उत्तर मिळाले.

आता 2015 नंतरचे पाहू. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या बोर्डांतून यूएसबीचा जुना नियंत्रक गेला, आणि विंडोज 7 च्या डीव्हीडीत नव्याचा ड्रायव्हर नसल्याने स्थापनेच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस मुके झाले. जानेवारी 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की यापुढचे प्रोसेसर फक्त विंडोज 10 वर. 2017 मध्ये सातव्या पिढीवर विंडोज 7 चे अपडेटही अडवले गेले. जुन्या व्यवस्थेला ओळखणारा बोर्ड दुर्मीळ झाला, आणि दुर्मीळ होताच त्याची नक्कल करणारा बाजार उभा राहिला. आज नव्या खोक्यात मिळणाऱ्या अनेक एच61 बोर्डांवरचा चिपसेट टाकून दिलेल्या बोर्डांवरून काढलेला असतो. प्रोसेसरला वीज देणारे टप्पे मोजकेच, त्या टप्प्यांतल्या मॉस्फेटवर उष्णता वाहून नेणारी पट्टी नाही, बायोसची नवी आवृत्ती मिळण्याचे ठिकाण नाही. कॅल्थ्रॉपची काटकसर आणि ही काटकसर यांत मला मूलभूत भेद दिसतो: पहिलीने आपली मर्यादा आसागणिक लिहून ठेवली होती, दुसरी ती खोक्यावर लिहीतच नाही.

याचा भार कोठे उतरतो, हे पाहायला माळीनगर, श्रीपूर, यशवंतनगर या कारखान्यांच्या ऊसपट्ट्यासारखी जागा नाही. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, भरलेले वजन होते, ऊस उतरल्यावर रिकामे वजन होते, आणि दोहोंतला फरक शेतकऱ्याच्या बिलाचा पाया ठरतो. काट्याच्या इंडिकेटरमधून निघालेली केबल नऊ पिनांच्या सिरियल पोर्टातून संगणकात आकडा पोचवते. त्या जोडणीचे आरएस-232 हे मानक 1960 चे. बोर्डावर सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबीचे कन्व्हर्टर लावायचे. हे कन्व्हर्टर म्हणजे आजची कुर्डुवाडी आहे. त्यातल्या चिपा बनावट निघतात, आणि ऑक्टोबर 2014 मध्ये मूळ चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने विंडोज अपडेटमधून येऊन अशा नकली चिपा निकामी केल्या, तेव्हा शिक्षा नक्कल करणाऱ्याला न होता वायर विकत घेणाऱ्याला झाली. ऐन गळितात असा सांधा निखळला तर आकडा हाताने लिहावा लागतो, ट्रॉल्यांची रांग लांबते, आणि उन्हात ऊस वाळून जे वजन घटते ते शेतकऱ्याचे घटते. दोनशे वर्षांपूर्वी बट्टा भरणाऱ्याच्या घरातच हे बिल पुन्हा पोचले आहे.

याहून खोल नुकसान दप्तराचे. शतकानुशतके आपला कारभार मोडीत चालला, छपाईने आणि शाळांनी देवनागरी स्वीकारली, आणि दोन पिढ्यांत मोडी वाचणारे मोजके उरले. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांसाठी धावाधाव झाली. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, वाचणारा नव्हता. जुन्या फॉन्टांत अडकलेल्या संस्थांच्या इतिवृत्तांची आणि फॉक्सप्रोतल्या खातेवह्यांची गत त्याहून वाईट होईल, कारण मोडीचा कागद माणसाच्या डोळ्याला निदान दिसतो, चुंबकीय तबकडीवरची नोंद दिसतही नाही.

स्वस्त बोर्ड घेणाऱ्याला मी दोष देत नाही; ज्याची मिळकत बेताची त्याला काटकसर करावीच लागते. दोष खरेदीच्या रीतीत आहे. तीन कोटेशन मागवायची, सर्वांत कमी दर मंजूर करायचा, आणि त्या दरात काय गळले याची नोंद ठरावात कोठेच करायची नाही, ही रीत ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत रुजली आहे. संस्थांच्या संचालकांना आणि मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की पुढचे गळीत किंवा पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी एक ठराव करावा. दरपत्रकात चिपसेटचे नाव, सिरियल आणि समांतर पोर्ट, चालणाऱ्या विंडोजच्या आवृत्त्या आणि लेखी हमीचा काळ मागावा. जुनी यंत्रणा ठेवायचीच असेल तर ती इंटरनेटपासून तोडून, जोडीला तपासलेला एक राखीव बोर्ड ठेवावा. आणि जुन्या फॉन्टांतले सारे दप्तर, ते वाचणारा संगणक अजून चालू आहे तोवर, युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात उतरवून घ्यावे.