घरात जनावर आहे काय?

बडोद्यात सकाळी शाळेस निघालेल्या मुलाला रावपुऱ्यात वा दांडिया बाजारात गाय आडवी येत नाही, असा दिवस विरळाच. गल्लीतल्या कुत्र्याला पोळीचा तुकडा घालणे हा तर कित्येकांचा नित्यक्रम. आम्ही मूळचे कोकणातले. आमचा गोठा घराला लागूनच असे. तेव्हा मुक्या प्राण्यांचा सहवास सोडा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्या सहवासातून क्वचित येणारा आजार त्याच्या खऱ्या नावाने ओळखला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या वर्गातील एका मुलाच्या हाताची जखम कित्येक आठवडे भरून येईना. सुकल्यासारखी दिसे आणि पुन्हा चिघळे. औषधे बदलली, परंतु घरात जनावर आहे काय, हे कोणी विचारले नाही आणि मुलानेही सांगितले नाही. अखेर एका डॉक्टरांनी सहज चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. घरच्या कुत्र्याचा कान वाहत होता आणि तो पुसण्याचे काम हाच मुलगा करीत असे. पुवाची नव्याने तपासणी झाली, उपचार मुलावर व कुत्र्यावर बरोबरच झाले आणि जखम भरली.

हा प्रकार समजण्यास थोडी शास्त्रीय माहिती हवी. गळवातील पुवात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतू ॲबरडीनचे शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 साली पाहिले. ग्रीक भाषेतील द्राक्षघोसावरूनच त्यांना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव मिळाले. या कुळात अनेक जाती आहेत. त्यांतील 'ऑरियस' ही जात सुमारे एकतृतीयांश माणसांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहते. गाईम्हशींना कासदाहही तीच आणते. कुत्र्याच्या अंगावर मुख्यतः 'स्यूडइंटरमीडियस' ही जात असते.

जंतू सशाच्या रक्तद्रवात मिसळावेत आणि तो गोठला, तर त्यांना 'ऑरियस' म्हणावे, अशी प्रयोगशाळेतील जुनी कसोटी आहे. परंतु कुत्र्याचा जंतूही रक्तद्रव गोठवितो! ही जात स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली ती 2005 साली. तोवर माणसाच्या जखमेत ती सापडली, तरी 'ऑरियस' म्हणूनच तिची नोंद होण्याचा संभव मोठा होता. आज जंतूंतील प्रथिनांवरून जात काही मिनिटांत सांगणारी यंत्रे निघाली आहेत.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. येथे नावात पुष्कळ आहे. कोणते औषध लागू पडेल, हे ठरविण्याच्या कसोट्या दोन्ही जातींना सारख्या नाहीत. 'ऑरियस'ची कसोटी कुत्र्याच्या जंतूला लावली, तर औषधाला न जुमानणारा जंतूही वश होणारा भासू शकतो.

नेदरलँड्समध्ये 2004 साली शस्त्रक्रियेपूर्वी तपासलेल्या एका तान्ह्या मुलीच्या अंगी मेथिसिलिनला दाद न देणारा 'ऑरियस' सापडला. नेहमीच्या पद्धतीने त्याचा वंश ठरेना. मुलीचे कुटुंब डुकरे पाळणारे होते. तो धागा धरून शोध घेतला, तेव्हा त्या भागातील वराहपालकांतही असेच जंतू आढळले. घरच्या व्यवसायाची चौकशी झाली, म्हणूनच हा माग लागला.

असे आजार थोडे. त्यांसाठी गरीब रोग्याला खर्चात का पाडावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. प्रत्येक पुळीची तपासणी करा, असे आम्हीही म्हणत नाही. पण 'घरात जनावर आहे काय?' या प्रश्नाला दिडकीही पडत नाही. जखम हटेना, तर तो विचारला जावा आणि प्रयोगशाळेस कळविला जावा. आमच्या शहरात 1949 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच आणंदला पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. माणसांचे वैद्य आणि गुरांचे वैद्य यांनी एकमेकांस विचारण्याची वाट आणखी रुळावी, अशी आमची इच्छा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमचेही कर्तव्य आहे. जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. उघडी जखम झाकून ठेवा. कुत्रा चावला किंवा त्याने जखम चाटली, तर ती साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपल्या गाईची, कुत्र्याची, मांजराची हकीकत आपण होऊन सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कदाचित त्या मुक्या जिवालाही औषधाची गरज असेल.