दुसऱ्यांचे करार, आपले रक्त

पारनेरचे सुपुत्र पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढे मुळशी सत्याग्रहामुळे उभा महाराष्ट्र ‘सेनापती’ म्हणू लागला, ते १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स या पिढीजात वैऱ्यांनी वसाहतींचे तंटे मिटवून स्नेहकरार केला. इजिप्तमध्ये इंग्रजांना मोकळीक, मोरोक्कोत फ्रेंचांना, असा तो व्यवहार होता. पुढे बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या शिकले. आणि त्याच सुमारास, ३१ ऑगस्ट १९०७ रोजी, इंग्लंडने रशियाच्या झारशी हातमिळवणी केली. त्या करारात इराणची प्रभावक्षेत्रे वाटून घेतली गेली, अफगाणिस्तान व तिबेटविषयीचे दावे मिटवले गेले. प्रश्न हिंदुस्थानच्या सीमांचा होता. पण विचारविनिमयात एकाही हिंदी माणसाला स्थान नव्हते. स्वातंत्र्याचे साधन शोधत पारनेरचा एक तरुण युरोपात फिरत असताना, त्याच्या देशबांधवांना मरणाच्या खाईत लोटणारी कागदपत्रे त्याच भूमीवर तयार होत होती.

पहिले महायुद्ध एका राजपुत्राच्या खुनामुळे पेटले, असे सांगण्याची प्रथा आहे. पण साराजेव्हो येथील २८ जून १९१४ चा खून ही केवळ ठिणगी होती. दारूचे कोठार कितीतरी आधी भरले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया १८७९ साली एकत्र आले, १८८२ मध्ये त्यांना इटली मिळाला. त्याला उत्तर म्हणून १८९४ पर्यंत फ्रान्स व रशिया यांची युती पक्की झाली. १८७१ साली एकसंध झालेला जर्मनी साम्राज्याच्या पंक्तीत उशिरा पोहोचला होता. त्याने आरमार वाढवले, बगदादपर्यंत लोहमार्ग नेण्याचा घाट घातला आणि इंग्लंडची झोप उडाली. प्रत्येक जण आपला करार केवळ संरक्षणासाठी असल्याचे सांगत होता. परंतु पाठीशी बलाढ्य मित्र उभा आहे, या खात्रीने दुर्बलही उद्धट होतो. ५ जुलै १९१४ रोजी जर्मन सम्राटाने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्टपर्यंत जर्मनी, रशिया, फ्रान्स व इंग्लंड रणात उतरले होते. अवघ्या आठ दिवसांत एका प्रांतातला तंटा जगाचा वणवा झाला. इटलीने मात्र आधी हात आखडता घेतला आणि १९१५ मध्ये तो थेट विरुद्ध गोटात गेला. युत्यांची निष्ठा ही अशी असते!

हिंदुस्थानला या युद्धात कोणी ढकलले? इंग्लंडच्या राजाने युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉयने तसे जाहीर केले, एवढेच. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व मजूर समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. वर दहा कोटी पौंडांचा ‘नजराणा’ हिंदी तिजोरीतून देण्यात आला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला होता आणि अबादानचे तेल इंग्रजांना प्रिय होते. म्हणून पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात उतरली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात पाच महिने उपासमार सोसत झुंजल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांचे सैन्य शरण गेले आणि कित्येक कैदी वाळवंटातील वाटचालीत व छावण्यांत मेले. त्यानंतर सतराव्या दिवशी, १६ मे रोजी, इंग्लंड व फ्रान्स यांनी तुर्की साम्राज्याचा अरब प्रदेश गुप्तपणे आपसांत वाटून घेतला. ज्या मातीसाठी मावळ्यांचे वंशज पडले, तिचा हिशेब अन्य कोणी मांडत होते. सातारा, रत्नागिरीकडील कित्येक गावांत आजही संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर किती गेले आणि किती पडले याचे आकडे आहेत. कोणासाठी पडले, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा अनुभवही वेगळा नव्हता. पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेतून गदरचा निखारा घेऊन परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर चढले. इंग्लंडचा शत्रू तो आपला मित्र, या आशेने क्रांतिकारकांनी जर्मनीकडे पाहिले. पण शस्त्रे आणणाऱ्या ‘अॅनी लार्सन’ व ‘मॅव्हरिक’ या जहाजांची भेटच झाली नाही. क्रांतिकारकांचा त्याग वंदनीय आहे. बर्लिनला मात्र इंग्लंडला गुंतवून ठेवण्यापलीकडे हिंदुस्थानचे सोयरसुतक नव्हते.

लोकमान्यांनी हे ओळखले होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी साहाय्याच्या प्रश्नाबरोबर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले. लोकमान्य सभात्याग करून बाहेर पडले. युद्ध जिंकल्यावर बक्षीस काय मिळाले? मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग!

आज युक्रेनमध्ये २०२२ पासून पुन्हा गोटांचे राजकारण पेटले आहे. अशा वेळी भारताला ‘एक बाजू घ्या’ असा उपदेश करणारे कमी नाहीत. मैत्री अवश्य असावी, अनेकांशी असावी. क्वाडमध्ये बसावे आणि ब्रिक्समध्येही बसावे. परंतु आपली तलवार कधी उपसायची, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही करारात गहाण पडता कामा नये. तो अधिकार केवळ सदिच्छेने टिकत नाही. स्वतःची शस्त्रे, स्वतःचे तेजस्वी अर्थकारण आणि एकसंध समाज हाच त्याचा आधार. बळी तो कान पिळी, हा जगाचा न्याय १९१४ मध्ये होता आणि आजही आहे. तेव्हा आपण परतंत्र होतो, म्हणून आपले रक्त इतरांनी खर्चले. स्वतंत्र राष्ट्राला ती सबब उरत नाही.